मला ऐकू आलं बिडी

देवाचा अनुभव सांगायला बसावं आणि सुरुवात लंगोटापासून व्हावी, हे काही बरं दिसत नाही. पण माझ्या वाट्याला तो तसाच आला, त्याला माझा इलाज नाही. माझ्या थोरल्या मुलाचं, मल्लूचं, दुखणं अशा जागी होतं की चारचौघींत त्याचं नाव काढायची सोय नव्हती. कुणी विचारलं, "बाळाला काय झालंय?" की मी म्हणायची, "पोट बरं नाही." पोटाचा काही दोष नसताना वर्षभर मी ते बिचाऱ्या पोटावर ढकलत राहिले.

मी माहेरची माढ्याकडची. बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा यांनी शेतीचा नाद सोडला आणि सोलापूरच्या एका कापड गिरणीत काम धरलं. आम्ही दोघं एका खोलीत राहायला आलो. पुढं ओटा, मागं न्हाणी, न्हाणीत आईनं रुखवतात दिलेलं तांब्याचं घंगाळ. गिरणीच्या भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर भाकरी थापायची. शेजारच्या पाच-सहा घरांतल्या बायका ओट्यावर बसून दिवसभर बिड्या वळायच्या. त्या आपसांत तेलुगू बोलत. ते मला कळत नसे, पण 'बिडी' हा शब्द मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत कानावर पडायचा. तंबाखूचा तो वास मला आधी सोसायचा नाही, नंतर त्याच्यावाचून घर घरासारखं वाटेना. आजही कुठं तो वास आला की मी पंचवीस वर्षांची होते आणि ओट्यावर मल्लूला पायांवर घेऊन बसलेली असते.

मल्लू दोन-तीन वर्षांनी झाला. तीन महिन्यांचा असताना तो शी करताना कळवळायला लागला. लंगोट बदलायला घेतला की अंग ताठ करायचा. एके दिवशी नीट पाहिलं तर शीच्या जागेच्या अगदी कडेला हरभऱ्याएवढी लाल गाठ. दोन दिवसांत ती बोराएवढी झाली आणि पोर तापानं फणफणलं. मुलांवर शस्त्रक्रिया करणारे एक डॉक्टर होते, त्यांच्याकडं नेलं. त्यांनी गळू फोडलं, पू काढला, आणि आठवड्यात पोर हसायला लागलं. मी देवापुढं साखर ठेवली. महिनाभरानं त्याच जागी पुन्हा गाठ. ती आपोआप फुटली, सुकली, पुन्हा भरली. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, की हा भगंदर आहे.

तो शब्द ऐकून माझ्या पायांखालची जमीन सरकली. माहेरी एका म्हाताऱ्या काकांना भगंदर होता आणि ते कसे गेले ते मी पाहिलं होतं. डॉक्टरांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं असावं. त्यांनी कागदावर पेन्सिलीनं आकृती काढून समजावलं. आतून कातडीपर्यंत एक बारीक वाट पडलीय. अशा तान्ह्या मुलांत, त्यातही मुलग्यांत, हे होतं. तुमच्या लंगोटानं नाही, तुमच्या खाण्यानं नाही, तुमची काही चूक नाही. पुष्कळदा ही वाट आपली आपण मिटते. "कोमट पाण्यात बसवत जा," ते म्हणाले. "शी झाली की धुवायचं, कोरडं करायचं. वरून काही लावायचं नाही. पू येतोय तोवर येऊ द्या. सूज आली, ताप आला, तर मात्र त्याच दिवशी आणा. दीड वर्षापर्यंत मिटलं नाही तर छोटं ऑपरेशन करू. घाबरू नका."

आता एवढं स्वच्छ सांगितल्यावर बाईनं ऐकावं की नाही? पण मी ऐकणाऱ्यांतली नव्हते. माझा हात कधी स्वस्थ बसायचा नाही. दूध तापत ठेवलं तरी चार वेळा ढवळणार, लावलेलं रोप मूळ धरलं का म्हणून उपटून बघणार. लेकराच्या अंगातून पू येतोय आणि आईनं नुसतं धुवायचं, पुसायचं, बाकी काही करायचं नाही, हे माझ्या डोक्यात शिरेना. मला वाटलं, डॉक्टरांना काही सुचत नाही म्हणून ते वेळ काढतायत. मग मी माझे उपाय सुरू केले. आधी सिद्धेश्वराला अकरा सोमवार बोलले. आम्ही लिंगायत, आमच्यात विभूतीला केवढा मान. दर सोमवारी तळ्यातल्या देवळात जायचं, तिथं देवाला लावलेली विभूती घरी आणायची, ती तुपात कालवायची आणि त्या फोडाच्या तोंडात बोटानं दाबून बसवायची. वरून कापडाची घडी, त्यावर एक लंगोट, त्यावर दुसरा. विभूती जगाचं भलं करते, तर एवढंसं भोक तिला बुजवता येणार नाही का, असा माझा हिशेब.

आणि गंमत अशी, की पहिल्यांदा ते सुकलं. चार दिवस लंगोट कोरडा. मी यांना म्हटलं, "बघा, तुमच्या डॉक्टरांना जमलं नाही ते देवानं केलं." बोलताना माझ्या आवाजात केवढा तोरा होता, ते आठवून आज माझीच मला लाज वाटते. पाचव्या दिवशी ती बाजू पुन्हा लाल झाली. मी आणखी विभूती भरली. लिंपलेल्या बिळात साप कोंडावा तसं मी ते दुखणं आत कोंडत होते आणि त्याला भक्ती म्हणत होते. आठव्या सोमवारच्या आधी मल्लूच्या अंगात ताप भरला आणि त्यानं दूध तोडलं.

त्याच सुमाराला यांची आत्या करकंबहून आली. आत्याबाई मायाळू होत्या, पण त्यांच्यापुढं कुणाचं काही चालायचं नाही. लेकराला बघून त्यांनी निकालच दिला. "डाग दिल्याबिगर न्हाय बरं व्हायचं ते. आमच्याकडं एक हाय, बिबा तापवून असा टेकवतो की दुखणं मुळासकट जातंय. लई लेकरं बरी झाल्यात त्याच्या हातानं." तसला तापलेला बिबा मी माढ्याला एकदा पाहिला होता. तो मोठ्या माणसाच्या पोटरीला टेकवला तरी चार जण धरायला लागले होते. पण मी काय बोलणार? माझे उपाय तर थकले होते. यांनी सोमवारी अर्धी रजा टाकली. दुपारच्या एस.टी.नं करकंबला जायचं ठरलं. मी फक्त एवढंच म्हटलं, "आज माझा आठवा सोमवार आहे. तेवढं दर्शन करून येते."

देवळाच्या आवारात ऊन चढलं होतं. दर्शन झालं, विभूतीची पुडी घेतली आणि मी तळ्याकडच्या पायरीवर मल्लूला मांडीवर घेऊन टेकले. तो आता रडतही नव्हता, नुसता कण्हत होता. देवाशी मी त्या दिवशी भांडले. म्हटलं, मी काय करायचं ठेवलं सांग. उपास केले, विभूती लावली, दोन-दोन लंगोट बांधले. आता त्याला डागणार आहेत, आणि तू बसलायस तिथं थंड पाण्यात. असं मनात बोलत असताना माझे हात गप्प नव्हतेच. सुटू पाहणारा लंगोट मी ओढून ओढून घट्ट करत होते आणि प्रत्येक ओढीला पोर कळवळत होतं.

शेजारच्या पायरीवर एक म्हातारी बसली होती. इरकली लुगडं, गळ्यात लिंग, कपाळभर विभूतीचे तीन पट्टे. अक्कलकोटच्या पलीकडच्या कुठल्या खेड्यातली असावी. ती बराच वेळ माझ्याकडं बघत होती. मग हात हलवून म्हणाली, "बिडव्वा, बिडु."

आमच्या घरी कानडीचा गंध नाही. माढ्याकडचे आम्ही लिंगायत मराठीच बोलतो. मला ऐकू आलं, बिडी. म्हातारीला बिडी हवी आहे. मी जरा दचकले, पण आईनं लहानपणी सांगितलेलं डोक्यात पक्कं होतं, की सोमवारी देवाच्या दारी कुणी काही मागितलं तर नाही म्हणू नये. त्यातून आजचा दिवस असला. न जाणो, देव परीक्षा बघत असेल. मी मल्लूला खांद्यावर टाकलं, भर उन्हात बाहेरच्या टपरीवर गेले आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढून बिडीचं एक बंडल मागितलं. टपरीवाला माझ्याकडं आणि माझ्या कपाळावरच्या विभूतीकडं आळीपाळीनं बघत राहिला. "कुनाला?" त्यानं विचारलं. "एका म्हातारीला," मी म्हटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परत येऊन मी पायरीवर टेकले, मल्लूला मांडीवर घेतलं आणि ते बंडल दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसं, तिच्यापुढं धरलं.

म्हातारी बंडलाकडं बघते, माझ्याकडं बघते. आधी तिच्या कपाळावरचे तिन्ही पट्टे आक्रसले. मग एकदम ती हसायला लागली. दातांचा पत्ता नव्हता, पण काय हसली! पदरानं डोळे पुसून पुन्हा हसायची. पलीकडं फुलांची पाटी घेऊन बसणाऱ्या इंदूबाई होत्या. दर सोमवारी मी त्यांच्याकडूनच बेल-फुलं घ्यायची. त्यांना कानडी यायची. त्यांनी कपाळावर हात मारला. "आवो बाई, बिडी न्हाय, बिडु. बिडु म्हंजी सोड. लेकराला आवळाय लागलाय न्हवं तुमी, तर सोड म्हन्त्यात त्या."

म्हातारीनं मग मला काही विचारलंच नाही. माझ्या मांडीवरून मल्लूला उचलून तिनं स्वतःच्या पायांवर पालथं घातलं आणि लंगोट सोडला. एक सोडला, त्याखाली दुसरा निघाला तेव्हा तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी मान खाली घातली. त्याखाली घडी, घडीखाली तुपातल्या विभूतीचा पांढरा खडा. आजूबाजूची कातडी लालभडक, ताणून चकाकत होती. तिनं इंदूबाईंच्या पाटीशेजारच्या कळशीतलं पाणी मागून घेतलं, लुगड्याचं टोक भिजवलं आणि इतक्या हलक्या हातानं तो लेप पुसत गेली, की मल्लू रडायचं विसरला. लेप निघाला तशी आत कोंडलेली घाण वाहायला लागली. ती दाबत नव्हती, पिळत नव्हती. नुसतं येईल ते टिपून घेत होती. तोंडानं कानडीत काहीतरी पुटपुटणं चाललं होतं, ते मला तेव्हा मंत्रासारखं वाटलं. इंदूबाईंनी सांगितलं तेव्हा कळलं, की ती मला रागवत होती.

"म्हन्त्यात, इभूती कपाळाला लावायची. हितं कोंबून कुनाचं भलं झालंय? देवाला भाईरनं हात जोडावं, आन् घाणीला वाट द्यावी." म्हातारीचं पुढचं ऐकून इंदूबाई म्हणाल्या, "आन् दाक्तर काय म्हनला, इचारत्यात."

डॉक्टर काय म्हणाले होते? वरून काही लावायचं नाही. पू येतोय तोवर येऊ द्या. ताप आला तर त्याच दिवशी आणा. एकेक वाक्य मला कागदावर लिहिल्यासारखं आठवलं, आणि त्यातलं एकही मी पाळलं नव्हतं. जे शिकलेल्या माणसानं मला मराठीत सांगितलं ते मला कळलं नाही. तेच एका अडाणी बाईनं मला न कळणाऱ्या भाषेत सांगितलं, आणि तेसुद्धा मी आधी उलटंच ऐकलं. पण पायरीवर बसल्या बसल्या माझ्या आतली कसली तरी गाठ सुटली आणि मी ढसाढसा रडले. म्हातारीनं माझ्याच पुडीतली चिमूटभर विभूती घेऊन मल्लूच्या कपाळाला लावली, त्याला माझ्या हातात दिलं आणि उठून देवळाकडं चालायला लागली. तिचे पाय धरायचंही मला सुचलं नाही.

घरी आले तर आत्याबाई पिशवी भरून ओट्यावर तयार. हे डोक्याला टोपी घालून उभे. मी म्हटलं, "मी करकंबला येणार नाही. मल्लूला डॉक्टरांकडं न्यायचंय." लग्नाला पाच वर्षं झाली होती, वडीलमाणसापुढं माझा आवाज पहिल्यांदाच असा निघाला. आत्याबाई म्हणाल्या, "दाक्तरानं एवढे दिवस काय दिवे लावलं?" मी म्हटलं, "त्यांनी सांगितलं ते मीच केलं नाही, आत्याबाई. मी विभूतीनं तोंड बुजवत होते. चूक माझी, आणि डागणार कुणाला? दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला?" यांनी माझ्याकडं पाहिलं, आत्याकडं पाहिलं. मग टोपी न काढता पुढं होऊन मल्लूला घेतलं आणि म्हणाले, "आत्या, तुमी आज हितंच थांबा. आमी जाऊन येतो." एवढंच बोलले. त्या माणसानं आयुष्यात माझ्यासाठी काय केलं असं कुणी विचारलं, तर मला आधी ते वाक्य आठवतं.

डॉक्टरांनी तपासलं. मी सगळं कबूल केलं, विभूती, तूप, दोन लंगोट. म्हणाले, "थोडं आधीच फुटलंय ते बरं झालं. नाहीतर आत पसरलं असतं." त्यांनी राहिलेला पू काढला, औषध दिलं. निघताना म्हणाले, "सोमवार करा हो. मी कुठं नको म्हणतोय? फक्त तिथं काही भरू नका." तिसऱ्या दिवशी ताप उतरला. आणि मल्लू माझ्याकडं बघून असा अधाशासारखा दूध प्यायला लागला, की मला पुन्हा रडू आलं.

पुढचे ते महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात गोड महिने होते, हे मला तेव्हा कळत नव्हतं. शी झाली की घंगाळात कोमट पाणी काढायचं, कोपर बुडवून ऊन बघायचं आणि मल्लूला त्यात बसवायचं. तो पाण्यावर हात आपटायचा, मी भिजायची, आणि ओट्यावरच्या बायका सूप मांडीवर घेऊन आत डोकावून हसायच्या. आत्याबाई महिनाभर राहिल्या. पहिले आठ दिवस तोंड फुगवून होत्या, मग हळूच स्वतःच पाणी तापवायला लागल्या. "मऊ फडक्यानं टीप की गं, घासू नगं," असं मलाच शिकवायच्या. अधूनमधून त्या फोडातून पुन्हा घाण यायची. माझी बोटं शिवशिवायची. तेव्हा मी स्वतःशीच म्हणायची, बिडव्वा. आणि हात मांडीखाली घेऊन बसायची. अकरा सोमवार संपले, तरी मी जातच राहिले. पण काही मागायची नाही. काय मागायचं ते आठवायचं, आणि मग ते तिथंच ठेवून यायची.

मल्लूला वर्ष पुरं होऊन चार महिने झाले असतील. एके दिवशी लक्षात आलं, की लंगोट किती दिवसांपासून कोरडा आहे ते आपण बघितलंच नाही. डॉक्टरांनी दोन-दोनदा तपासून सांगितलं, वाट मिटली. मी विचारलं, "हा चमत्कार म्हणायचा का?" ते म्हणाले, "पुष्कळ मुलांत होतं असं." मी त्यांच्याशी वाद घातला नाही. आमच्याच गल्लीतल्या एका बाळाचं मिटलं नाही, त्याचं त्यांनी ऑपरेशन केलं आणि तेही ठणठणीत झालं. ती वाट कशी मिटते ते डॉक्टरांना ठाऊक होतं. माझा प्रश्न वेगळाच होता. नेमक्या त्या दिवशी, नेमक्या त्या पायरीवर, दुपारच्या एस.टी.च्या आधी, ती म्हातारी माझ्यासाठी कुणी पाठवली? तिच्या रूपानं साक्षात देवच आला होता, असं मी मनाशी धरून बसले. मला त्यात सुखही होतं. देव एवढ्या मोठ्या गर्दीत माझ्यासाठी म्हणून आला, हे सुख.

मल्लू तीन वर्षांचा असताना एका सोमवारी ती मला पुन्हा दिसली. देव वगैरे नाही, चांगली हाडामांसाची, त्याच आवारात केळं सोलून खात बसलेली. मी धावत जाऊन मल्लूला तिच्या पायांवर घातलं. इंदूबाईंना हाक मारली, म्हटलं, सांगा त्यांना, हाच तो. त्यांनी सगळं सांगितलं, लंगोट, लेप, बिडीचं बंडल. म्हातारी लक्ष देऊन ऐकत होती. मल्लूच्या तोंडाकडं बराच वेळ बघून तिनं मान हलवली. तिला काहीच आठवत नव्हतं. मी कुणी लागत नव्हते, मल्लू कुणी लागत नव्हता. मग उरलेलं अर्धं केळं मल्लूच्या हातात देऊन ती काहीतरी म्हणाली आणि इंदूबाई हसल्या.

"म्हन्त्यात, मला न्हाय याद. मी हितं येनाऱ्या समद्याच बायांस्नी तसं सांगती की."

मी तिथंच बसून राहिले. आधी मन खट्टू झालं, खोटं कशाला सांगू. माझ्या एकटीसाठी आलेला तो निरोप तिथं येणाऱ्या प्रत्येकीला मिळत होता. मग हळूहळू वाटायला लागलं, की बरोबरच आहे. आधीच्या सात सोमवारीही कुणीतरी मला हेच सांगत असेल. डॉक्टरांनी तर कागदावर काढून दाखवलं होतं. देवानं कधीच सांगायचं थांबवलं नव्हतं. माझेच हात इतके कामात होते, की कान रिकामे नव्हते. आणि ज्या दिवशी कान रिकामे झाले, त्या दिवशीही मला ऐकू काय आलं, तर बिडी. तेवढ्यावरही त्यानं माझं काम केलं. एवढ्या दयेला मी काय म्हणू? त्या पायरीवर मी दोन्ही हात जोडले आणि त्यात काही धरलं नव्हतं.